लीड्सच्या घरातला चौथा कप्पा

‘आमच्या घरात एक भूत राहत होते, आणि त्या भुताला दूध पाजणारे एक काकाही राहत होते. काका दर आठवड्याला निळ्या झाकणाची बाटली आणत, फ्रिजच्या चौथ्या कप्प्यात ठेवत, झोपेत उठून ती स्वतःच पीत आणि सकाळी आम्हाला विचारत, की वरच्या खोलीतले भाडेकरू आहेत तरी कोण?’

हा मजकूर लीड्सच्या मराठी मंडळाच्या यंदाच्या वार्षिक अंकात छापून आला आहे. लेखक सारंग, मूळचा नागपूरचा, वय चोवीस, माझा एक वर्षाचा घरसोबती. लेख लोकांना फार आवडला असे कळते. त्यातील काका मी. वरील दोन वाक्यांतील दोन गोष्टी मला मान्य आहेत: मी त्या घरात राहत होतो आणि दुधाचे झाकण निळे होते. बाकीचे सर्व मी नाकारतो.

विनोदी लेखाला उत्तर देऊ नये, असे माझे मित्र सुचवतात. परंतु हा विनोद छापला जाण्याच्या कितीतरी आधी तोंडोतोंडी माझ्या मुलापर्यंत, मिलिंदपर्यंत, पोहोचला होता. वडिलांची बुद्धी ढळू लागली आहे, तेव्हा शिक्षण अर्धवट सोडवून त्यांना साताऱ्याला परत आणावे, असा निर्णय पुण्यात होऊ घातला होता. म्हणून मी हा प्रवास पहिल्यापासून सांगतो, जसा झाला तसा, माझ्याविरुद्ध जाणाऱ्या गोष्टींसह.

छत्तीस वर्षे मी वैधमापन खात्यात निरीक्षक होतो. लोक आम्हाला वजनमापे इन्स्पेक्टर म्हणतात. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, पोकळ केलेले वजन, तळ फुगवलेले माप, हे पकडण्यात माझा जन्म गेला. निवृत्तीनंतर, पत्नीच्या पश्चात, मी जुन्या गिरणीगावांतील वजनमापांच्या इतिहासावर वाचू लागलो आणि लीड्सच्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज केला. प्रवेश मिळाला तेव्हा मला सहासष्टावे वर्ष लागले होते.

विमानतळावर मिलिंद म्हणाला, “बाबा, या वयात हॉस्टेल?”

“हॉस्टेल नाही. घर आहे. चार खोल्या, चार विद्यार्थी.”

“बाकीचे तिघे तुमच्या नातवंडांच्या वयाचे असतील.”

“मग मला नातवंडे झाल्यासारखे होईल. तुझ्याकडून अजून तशी बातमी नाही.”

तो हसला नाही. त्याच्या बायकोने माझ्या पिशवीत गोडा मसाला कोंबला आणि आम्ही निरोप घेतला.

मँचेस्टरला उतरून आगगाडीने लीड्सला निघालो. गाडी डोंगर ओलांडते. दोन्ही बाजूंना काळसर दगडांचे बांध, मेंढ्या, मधूनच एखादी धूर नसलेली चिमणी. डबा भरलेला होता, पण कोणी कोणाशी बोलत नव्हते. सप्टेंबरची दुपार होती, तरी उजेड असा, की आत्ताच कोणीतरी दिवा बारीक केला आहे. बोगदा आला, खिडकीत सर्वांचे चेहरे उमटले आणि प्रत्येकाने आपापल्या चेहऱ्यावरून नजर काढून घेतली.

लीड्समध्ये विद्यार्थ्यांची वस्ती म्हणजे लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा. घराला घर चिकटलेले, दारे एकसारखी, पायऱ्याही तितक्याच. मी एक गल्ली चुकून शेजारच्या रांगेतील त्याच क्रमांकाच्या दाराला किल्ली लावली. किल्ली आत गेली, अर्धी फिरली आणि अडकली. आतून कोणीतरी दाराजवळ आले. मला पावले ऐकू आली. दार उघडले नाही, कोणी विचारलेही नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघे काही वेळ उभे राहिलो, मग मी किल्ली ओढून काढली. ही माझी तिथली पहिली भेट.

खऱ्या घराचे दार मृण्मयीने उघडले. ही पुण्याची, वित्तशास्त्र शिकणारी, बोलण्यात चटपटीत. तिच्यामागे सारंग, हातात नूडल्सची वाटी.

“काका, तुम्ही स्टुडंट?” सारंगने विचारले. “मला वाटलं, तुम्ही कोणाला सोडायला आलात.”

“मला सोडायला कोणी आले नाही. त्यामुळे मीच आलो.”

मृण्मयीने घर दाखवले. तळमजल्यावर माझी खोली आणि स्वयंपाकघर, वर त्या दोघांच्या खोल्या आणि न्हाणीघर, त्याच्याही वर एक अरुंद जिना आणि माळ्यावरची चौथी खोली. फ्रिज एकच. त्याला चार कप्पे. तिने कागदी चिकटपट्टीवर नावे लिहून लावली होती: मृण्मयी, सारंग, काका. चौथ्या कप्प्यावर नाव नव्हते, पण तो रिकामा नव्हता. त्यात दुधाची लहान बाटली, अर्धा पाव, चार अंडी आणि कागदात गुंडाळलेला चीजचा तुकडा होता.

“हे कोणाचे?”

“वरच्यांचं असेल,” मृण्मयी म्हणाली. “टॉप फ्लोअरला कोणीतरी आहे. आम्ही अजून भेटलो नाही. इथे असंच असतं, काका. वर्षभर एकत्र राहतात आणि नाव माहीत नसतं.”

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. वर कोणीतरी आहे, हे पहिल्यांदा मी म्हटलेले नाही. सारंग तेव्हा तिथेच उभा होता आणि मान डोलावत होता. त्याच्या लेखात हा प्रसंग नाही.

परदेशी विद्यार्थ्याचे आयुष्य म्हणजे व्याख्यानाइतकीच खरेदी. कोणत्या रंगाची कचरापेटी कोणत्या दिवशी रस्त्यावर न्यायची आणि कोणत्या दुकानात कोथिंबीर जुडीने मिळते, हे शिकण्यात पहिला महिना गेला. दुधाची ओळख झाकणाच्या रंगाने होते: निळे म्हणजे सायीचे, हिरवे म्हणजे अर्धी साय काढलेले, लाल म्हणजे पाण्याहून थोडे बरे. मी हिरवे घेई. संध्याकाळी दुकानात यलो स्टिकर (मुदत संपत आलेल्या मालाला लावतात ती उतरल्या भावाची पिवळी चिठ्ठी) लागू लागले, की विद्यार्थी कपाटांभोवती जमत. कोणी धक्का मारत नसे, कोणी बोलत नसे. चिठ्ठ्या लावणाऱ्या बाईंच्या मागे सगळे शब्द न काढता सरकत. दुरून पाहणाऱ्याला ती अंत्ययात्रा वाटली असती.

पैसे घ्यायला माणूस नसे. आपणच वस्तू यंत्राला दाखवायची आणि शेजारच्या पाटावर ठेवायची. तो पाट म्हणजे काटा असतो, हे मी पहिल्याच दिवशी ओळखले. वस्तूचे वजन जुळले नाही, तर यंत्र बाईच्या आवाजात सांगते, की पाटावर अनपेक्षित वस्तू आहे. एकदा पाटावर माझे काहीही नसताना ते तसे म्हणाले. मी हात वर करून दाखवले. दुकानातील मुलगी आली, तिने कार्ड टेकवले.

“याला कधी कधी असं होतं, लव्ह,” ती म्हणाली. (अनोळखी माणसालाही तिथे याच शब्दाने हाक मारतात. पहिल्या वेळी मी दचकलो होतो.)

“काटा तपासून घ्या,” मी म्हणालो. “काटा उगाच बोलत नाही.”

बुधवारी मी शहरातल्या मोठ्या मंडईत जाई. लोखंडी खांबांची, काचेच्या छताची जुनी इमारत. तिथे माणसे काट्यावर तोलून माल देतात, म्हणून मला ती आवडे. चीजच्या एका गाळ्यावर नवा, उत्तम पडताळलेला काटा होता. तोललेल्या तुकड्याबरोबर तो चिठ्ठी छापून देई: मालाचे नाव, वजन, तारीख आणि वेळ. चौथ्या कप्प्यातील चीज याच गाळ्यावरचे होते. चिठ्ठ्या वाचणे ही माझी सवय आहे, दुसऱ्याच्या असल्या तरी.

ऑक्टोबर संपता संपता घड्याळे एक तास मागे घेतात आणि दुपारी चारलाच अंधारू लागते. त्यानंतर ते घर मला वेगळे वाटू लागले. मी पहाटे सहाला उठतो. स्वयंपाकघरात जाऊन विजेच्या किटलीला हात लावावा, तर ती कोमट असे. सारंग नऊच्या आत उठत नाही, मृण्मयी आठच्या. चौथ्या कप्प्यातील दूध रोज कमी होई आणि ते संपले, की नवी बाटली येई. पावाचे दोन काप रोज जात. पण जिन्यावर कधी पाऊल वाजले नाही, न्हाणीघराशी कधी गाठ पडली नाही. एकदा चार वाजता परतताना मला माळ्याच्या खिडकीत उजेड दिसला. सारंग म्हणतो, ते समोरच्या दिव्याचे प्रतिबिंब. मी दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभा राहून पाहिले. असू शकते. तो मुद्दा मी सोडून देतो.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी माझे दूध नासले. चहाचे आधण उकळत होते, बाहेर पाऊस होता. मी चौथ्या कप्प्यातील बाटलीतून अर्धा कप दूध घेतले. संध्याकाळी दुकानातून निळ्या झाकणाची भरलेली बाटली आणून तिथे ठेवली आणि शेजारी चिठ्ठी लिहिली, की आपले दूध घेतले, आभारी आहे. अर्ध्या कपाला पूर्ण बाटली का, असे सारंगने पुढे मंडळात सर्वांसमोर विचारले आणि लोक हसले. शेजाऱ्याकडून घेतलेली वाटी आपण रिकामी परत करतो काय? ज्यांच्या घरी करतात त्यांनी हसावे.

दुसऱ्या दिवशी माझी चिठ्ठी तिथे नव्हती. केरातही नव्हती. मी पाहिले.

ही बाटली मी आणली. ही एकच. परंतु तिची पावती माझ्या कोटाच्या खिशात राहिली आणि कोट खुंटीवर होता. मृण्मयी काड्यापेटी शोधत होती, तिला ही पावती सापडली. त्याच आठवड्यात सारंगने घर देणाऱ्या एजन्सीला गरम पाण्याच्या तक्रारीबद्दल लिहिले होते आणि शेवटी सहज विचारले होते, की वरच्या खोलीतही हाच त्रास आहे का. उत्तर आले: वरची खोली उन्हाळ्यापासून रिकामी आहे.

त्या संध्याकाळी दोघे माझ्यासमोर बसले. सारंगने एजन्सीचे पत्र वाचून दाखवले. मृण्मयीने पावती टेबलावर ठेवली.

“काका, रागावू नका,” ती म्हणाली. “पण हे दूध तुम्हीच आणता ना?”

“एकदा आणले. का आणले तेही सांगतो.”

मी सांगितले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

“आणि बाकीच्या वेळी?” सारंगने विचारले.

“बाकीच्या वेळी ज्याचे त्याने आणले.”

“पण वर कोणी राहतच नाही ना जी.”

“मग ते पितो कोण, हे मला विचारण्याऐवजी तू स्वतःला विचार. तुझाही फ्रिज आहे.”

“मी विचारलं ना. आन्सर असं आलं, की घरात चार कप्पे आहेत आणि तीन माणसं. मी नाही, ही नाही.”

मला त्याचे तर्कशास्त्र समजले. मीही छत्तीस वर्षे असेच तर्कशास्त्र लोकांपुढे मांडत आलो होतो. फरक इतकाच, की त्या वेळी मी काट्याच्या दुसऱ्या बाजूला असे.

मी प्रयोग केला. माझ्याजवळ खिशात मावणारा काटा आहे, पडताळून घेतलेला. त्यावर तीन दिवस मी चौथ्या कप्प्यातील बाटली झोपण्यापूर्वी आणि उठल्यावर तोलली. प्रत्येक रात्रीत एक कपभर दूध कमी झाले. त्याच तीन रात्री मी माझ्या खोलीच्या दाराला आतून दोरा बांधला. सकाळी दोरा जसाच्या तसा होता. मी तो दोघांना दाखवला.

“दोरा तुम्हीच बांधला, काका,” सारंग शांतपणे म्हणाला, “तर सोडून परत तुम्हीच बांधला असेल. झोपेत माणूस गाडीसुद्धा चालवतो.”

त्याने हे वाईट हेतूने म्हटले नाही. पण तो गेल्यावर मी खोलीत बसून त्या दोऱ्याच्या गाठीकडे पाहत राहिलो. ती माझीच गाठ होती. माझ्यासारखी गाठ माझ्याखेरीज कोण मारणार? त्या दिवसापासून सकाळी उठल्यावर मी प्रथम जीभ ओठांवरून फिरवून पाहू लागलो, दुधाची चव लागते काय. हे मी कोणाला सांगितले नव्हते. आता लिहितो.

मंडळाच्या पुढच्या जेवणावळीत सारंगने सारी गोष्ट रंगवून सांगितली. तिथून ती कोणाच्या तरी मोबाइलवरून पुण्याला गेली. दोन दिवसांनी मिलिंदचा फोन.

“बाबा, खरं सांगा. तुम्हाला आठवत नाही असं काही होतं का?”

“तुझा वाढदिवस मला आठवतो. तू माझा विसरलास.”

“विषय बदलू नका. पावती निघाली म्हणे.”

“एक पावती निघाली. माझ्याजवळ सप्टेंबरपासूनच्या सर्व पावत्या आहेत. त्यात निळे झाकण एकदाच आहे.”

“बाकीच्या तुम्ही टाकल्या असतील. टाकल्याचं आठवत नसेल.”

 माणूस विसरतो असे एकदा ठरले, की त्याची प्रत्येक आठवण त्याच्याविरुद्ध पुरावा होते.

डिसेंबरमध्ये मी एजन्सीला पत्र लिहून खोली उघडून दाखवण्याची मागणी केली. एक बाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. दुपारचे तीन वाजले होते, जिन्यात दिवा लावावा लागला. आम्ही तिघे त्यांच्या मागे अरुंद जिना चढलो. दार फुगलेले होते, त्यांनी खांद्याने लोटले.

आत उघडी गादी, रिकामे कपाट, तिरक्या छतातील एक खिडकी. खिडकीखाली मेलेल्या माश्या. जमिनीवर धूळ होती, सारखी पसरलेली, आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते. हे मी लपवत नाही. अशा धुळीवरून मी गोदामे बंद केली आहेत. त्या खोलीत कित्येक आठवडे कोणी शिरले नव्हते.

“समाधान झालं?” बाईंनी विचारले. त्या दयाळूपणे हसल्या आणि मृण्मयीला हळू आवाजात म्हणाल्या, “तुमच्या आजोबांना एकटं वाटत असेल.”

मृण्मयीने त्यांची चूक दुरुस्त केली नाही. खाली आल्यावर तिने चौथा कप्पा रिकामा केला: दूध मोरीत ओतले, पाव, अंडी, चीज केरात टाकले, कप्पा साबणाने पुसला. मी पाहत उभा होतो.

“काका, आता हे संपलं हं,” ती म्हणाली.

“संपू दे,” मी म्हणालो.

मिलिंदने तोवर दुसरी व्यवस्था केली होती. साउथहॅम्प्टनला माझी पुतणी अनघा राहते, तिथल्या रुग्णालयात डॉक्टर आहे. नाताळला या, असे तिने आग्रहाने बोलावले. आग्रहाचे कारण मला ठाऊक होते. सारंग नागपूरला लग्नाला गेला होता. मृण्मयी आपल्या मावशीकडे मँचेस्टरला निघाली होती. आम्ही दोघे एकाच सकाळी घराबाहेर पडलो. निघण्यापूर्वी मी फ्रिज उघडला. चौथा कप्पा कोरडा होता. माझ्या कप्प्यात लोणच्याची बरणी आणि आल्याचा तुकडा, इतकेच. मृण्मयीने दार ओढून घेतले, कुलूप लागल्याचे दोनदा पाहिले. तिन्ही किल्ल्या घराबाहेर गेल्या आणि एजन्सी नाताळपुरती बंद झाली.

साउथहॅम्प्टन हे दक्षिण किनाऱ्यावरचे बंदर, लीड्सपासून आगगाडीने पाच तास. अनघाच्या वरच्या खिडकीतून धुके विरळ झाले, की प्रवासी जहाज दिसते, दहा मजल्यांची चाळ पाण्यावर उभी केल्यासारखे. रस्ते रुंद, समुद्र करडा, थंडी लीड्सपेक्षा सौम्य. अनघाचा नवरा कामावर, मुलगी मैत्रिणीकडे. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी झाल्यावर अनघाने टेबल पुसले आणि एक कागद काढला.

“काका, मला तुमच्याशी खोटं बोलता येत नाही. मिलिंददादाने सांगितलंय.”

“मला माहीत आहे. घे परीक्षा. माझी लेखी परीक्षा जानेवारीत आहे, सराव होईल.”

ती हसली, पण तिने कागदाच्या माथ्यावर माझे नाव, तारीख आणि वेळ लिहिली. खाली तिची सही होती. काम चोख करते. आमच्या घराण्यातली आहे. तिने मला पाच शब्द सांगितले: घोडा, दोरी, आरसा, पेरू, छत्री. महिने उलटे म्हणायला लावले. शंभरातून सात सात वजा करायला लावले. ते मी तिच्यापेक्षा लवकर केले. मग घड्याळ काढायला सांगितले, अकरा वाजून दहा मिनिटे. मी काटे सरळ काढले.

“आता मघाचे पाच शब्द सांगा.”

“घोडा. दोरी. पेरू. छत्री.”

  स्वयंपाकघरात किटली उकळून आपोआप बंद झाली.

“आणखी एक होता, काका.”

मी शोधला. जिथे तो असायला हवा होता, तिथे काही नव्हते, पुसलेल्या कप्प्यासारखे. अनघाने पुढच्या रकान्यात काहीतरी लिहिले, संपल्याची वेळ टाकली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

“वयाच्या मानाने हे अगदी चांगलं आहे. एक शब्द कोणीही विसरतं.”

“मग तसे मिलिंदला सांग.”

“सांगेन. पण काका, तुम्हाला खात्री आहे ना? दुधाची?”

आयुष्यात पहिल्यांदाच मी ‘आहे’ असे लगेच म्हणालो नाही.

त्या संध्याकाळी मिलिंदने सांगितले, की तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो आहे आणि परतीची तिकिटे दोन आहेत. विद्यापीठाला पत्र तोच लिहिणार होता. मी वाद घातला नाही. वाद न घातल्याने तो अधिकच घाबरला असावा. कागदाची एक प्रत त्याला पाठवावी, असे तो अनघाला म्हणाला. तिने मूळ कागद एका पाकिटात घालून माझ्याजवळ दिला आणि फोटो त्याला पाठवला.

नाताळात दोन दिवस त्या देशात गाड्या चालत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी निघालो. लंडनमध्ये स्टेशन बदलले, उत्तरेची गाडी धरली. शेते पांढरी पडली होती. लीड्सला पोहोचलो तेव्हा अंधार होता, घड्याळात साडेचार. आमच्या गल्लीत एकाही खिडकीत दिवा नव्हता. विद्यार्थी सगळे घरी गेलेले. दारे मोजत गेलो, या वेळी चुकलो नाही.

दार लोटताना आतून अडथळा आला. टपालाचा ढीग होता. दाराच्या फटीतून पडलेली पाकिटे, जाहिराती, एक शुभेच्छापत्र, पंख्यासारखी पसरलेली. मी ती ढकलत आत शिरलो. त्यांच्यावरून दार याआधी फिरलेले नव्हते. हेही माझ्याविरुद्ध जाते, तरी नोंदवतो. मागच्या दाराची कडी आतून लागलेली होती. घर इतके गार, की श्वास दिसत होता. किटली गार. मी ती भरली, चालू केली आणि नासलेले काही असल्यास टाकावे म्हणून फ्रिज उघडला.

चौथ्या कप्प्यात चीजचा एक तुकडा होता, नवा, फाडलेल्या कागदात. माझ्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी, दुसरा तुकडा होता, कागदाच्या उरलेल्या अर्ध्या भागात नीट दुमडून ठेवलेला. सुरीने सरळ कापलेला. मी कोट न काढता माझा काटा आणला आणि दोन्ही तोलले. वजन सारखे भरले. कोणी एक कणही खाल्लेला नव्हता.

माझ्या वाट्याच्या कागदावर मंडईतील गाळ्याची छापील चिठ्ठी होती. मी ती वाचली नाही. वाचली, असे पुन्हा माझ्या एकट्याचे म्हणणे झाले असते. मी मिलिंदला फोन लावला, चित्र चालू केले आणि दुसरे काहीही न बोलता ती चिठ्ठी त्याच्यासमोर धरली.

“हे काय आहे, बाबा?”

“वाच. मोठ्याने.”

त्याने नाव वाचले. वजन वाचले, ते माझ्या दोन तुकड्यांच्या बेरजेइतके होते. पुढे तो थांबला.

“बाबा, घरात कोण आहे?”

“मला माहीत नाही. मी कधीही म्हटलेले नाही, की मला माहीत आहे. तू पुढचे वाच. नंतर अनघाचा फोटो उघड.”

त्याने दोन्ही पाहिले. बराच वेळ पडद्यावर फक्त त्याचा कान दिसत होता. तो बहुधा फोन कानाशी धरून दुसरीकडे पाहत असावा. मग म्हणाला, “तिकिटं मी रद्द करतो. पण तुम्ही आजची रात्र तिथे राहू नका.” मी राहिलो. पुढच्या सप्टेंबरपर्यंत राहिलो, परीक्षा दिली, प्रबंध पुरा केला आणि पदवी घेऊन साताऱ्याला आलो.

सारंगला मी ती चिठ्ठी जानेवारीत दाखवली होती. त्याने ती हातात घेतली, उलटसुलट केली, परत दिली, आणि लेख जसाच्या तसा छापायला पाठवला. त्याने खुशाल भूत म्हणावे. मी भूत म्हटलेले नाही, माणूस कोण हेही सांगितलेले नाही. त्या घरात कोण राहत होते याचा निकाल लावणे माझे काम नव्हे. दूध आणणारा आणि पिणारा मी होतो काय, एवढाच प्रश्न आहे. अनघाच्या कागदावर तिच्या अक्षरात नाताळच्या आदल्या दिवसाची तारीख आहे, सुरुवात साडेअकरा आणि शेवट बारा. लीड्सच्या मंडईतील काट्याने छापलेल्या चिठ्ठीवर तीच तारीख आहे आणि वेळ आहे अकरा वाजून चाळीस मिनिटे.